कलम एकोणीसखालची चिठ्ठी

कायदे खात्याच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या डाव्या हाताला, एक लांबट खोली आहे. दोन टेबलं, एक खिडकी आणि भिंतभर लोखंडी कपाट. सरकारचे सगळे कायदे त्या कपाटात आणि कपाटाची किल्ली कात्रीबाईंकडे, असा एकतीस वर्षांचा कारभार होता.

कात्रीबाई हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. पण सुताच्या नाडीला कात्री बांधून ती दिवसभर गळ्यात घालणाऱ्या बाईला लोक दुसरं काय म्हणणार? शिपायापासून वरच्या साहेबांपर्यंत सगळे तेच म्हणत, आणि बाईंनाही ते आवडे. एकदा एका नव्या अधिकाऱ्यानं त्यांना खऱ्या नावानं हाक मारली, तर कोणाला बोलावताहेत म्हणून त्यांनी स्वतःच मागे वळून बघितलं.

काम सांगायला सोपं होतं. कायदा एकदा छापून होतो आणि मग दर वर्षा-दोन वर्षांनी त्यात कोणीतरी काहीतरी बदलतं. बदललं की सरकार अख्खा कायदा पुन्हा छापत नाही. राजपत्रात एवढंच येतं की अमुक कायद्याच्या अमुक कलमात ‘दहा’च्या जागी ‘पंधरा’ वाचावे. आता एवढं वाचून कोणा शहाण्याला काय कळणार? मूळ कायदा एकीकडे आणि त्याच्या सतरा दुरुस्त्या सतरा वर्षांच्या राजपत्रांत विखुरलेल्या. म्हणून कात्रीबाई राजपत्रातल्या त्या ओळी कापत, मागच्या बाजूला पेन्सिलीनं राजपत्राचा क्रमांक आणि तारीख टाकत, आणि कायद्याच्या पुस्तकात त्या त्या कलमावर ती चिठ्ठी डकवत. डकवायची ती फक्त डाव्या कडेनं, म्हणजे चिठ्ठी उचलली की खालचा जुना मजकूरही वाचता यावा. खळ त्या घरून शिजवून आणत. बाजारचा गोंद कागद खातो, असं त्यांचं ठाम मत होतं. ठाम नसलेलं मत बाईंकडे नव्हतंच म्हणा.

आज कायदा नेमका काय म्हणतो, हे सबंध सरकारात फक्त त्या चिकटवलेल्या पुस्तकांत वाचायला मिळे. छापखान्यात मिळे तो जुना, आणि वकिलांच्या कपाटात असे तो त्याहूनही जुना. त्यामुळे दिवसभर फोन. मंत्र्यांचे चिटणीस, कोर्टाचे कारकून, बडे वकील, सगळे अजिजीनं विचारायचे की बाई, अमुक कलम आज कसं आहे? सुरुवातीची वर्षं त्या ‘थांबा, बघून सांगते’ म्हणत आणि पुस्तक उघडत. पुढे उघडायची गरज वाटेना. कलमं तोंडपाठ झाली होती. फोन मानेत धरून, हातानं चिठ्ठी कापत, त्या कलम सांगून मोकळ्या होत. ‘कात्रीबाईंनी सांगितलंय’ एवढ्यावर वकील कोर्टात ताठ मानेनं उभे राहतात हे त्यांच्या कानावर आलं, की त्यांना मूठभर मांस चढे. आणि का चढू नये? आयुष्य घातलं होतं बाईंनी त्या कपाटात.

घरीही हाच खाक्या. नवरा पोस्टातून निवृत्त झालेला, सोशिक. भाजीत मीठ कमी पडलंय असं तो म्हणाला तर बाई म्हणत, मी चाखून बघितलंय. तो बापडा मुकाट्यानं वरून मीठ घेई. पाठीमागे तो त्यांना ‘सरकार’ म्हणायचा. तोंडावरही म्हणायचा, पण जरा हळू.

मग तो नवा कायदा आला. कायदा माहीत नव्हता ही सबब चालणार नाही, असं सरकार लोकांना वर्षानुवर्षं बजावत आलं होतं. तर मग तो वाचायला कुठे मिळेल हे सांगायची जबाबदारी कोणाची, असं सभागृहात कोणीतरी विचारलं, आणि सरकारची बोलती बंद झाली. त्यातून ठरलं की प्रत्येक कायद्याचा आजचा मजकूर सरकारनं इंटरनेटवर ठेवायचा, फुकट, कोणालाही मोबाईलवर उघडता येईल असा. दुरुस्ती झाली की चौदा दिवसांत तो बदलायचा. आणि तिथं जे लिहिलंय तेच सगळ्या कचेऱ्यांनी कायदा म्हणून मानायचं.

मसुदा अभिप्रायासाठी खात्यात फिरला तेव्हा बाकीच्यांनी नुसत्या सह्या ठोकल्या. कात्रीबाईंनी मात्र कलम सातच्या समासात तांबड्या शाईनं लिहिलं: ‘मजकुरात चूक आढळल्यास ती गुपचूप दुरुस्त करू नये. चूक काय होती, केव्हापासून होती व कशी झाली, हे त्या कलमाखाली लिहावे.’ यात लोककल्याण वगैरे काही नव्हतं, उगाच देव्हाऱ्यात बसवायला नको त्यांना. ही टायपिंगवाली मंडळी माझ्या कायद्यांची वाट लावणार आणि लावून वर नामानिराळी राहणार, तेव्हा यांची शेंडी आपल्या हातात असावी, एवढाच बाईंचा हिशेब. वरच्यांना ती ओळ आवडली आणि ती जशीच्या तशी कायद्यात गेली.

त्यानंतर चौदा महिने तळमजल्यावरच्या दालनात पाच टायपिस्ट बायका बाईंची पुस्तकं समोर ठेवून टाइप करत बसल्या. मूळ राजपत्रं कोण काढणार? ती तळघरात बांधून पडली होती, आणि कात्रीबाईंचं पुस्तक असताना राजपत्र कशाला, असं सगळेच म्हणाले. सगळ्यात मोठ्यानं बाई म्हणाल्या. टाइप झालेला शब्दन् शब्द त्यांनी पुस्तकाशी ताडून बघितला आणि दोनशे बारा चुका काढून त्या बायकांना सळो की पळो करून सोडलं. त्यांच्या पुस्तकात कोणी चूक काढली नाही. काढायची कोणाची छाती होती?

साइट सुरू झाली आणि फोन थांबला. पहिला आठवडा बाईंना फार लागलं. रिसीव्हर नीट ठेवलाय ना, हे त्या दोन-दोनदा बघत. मग जिन्यात एक वकील भेटला आणि म्हणाला, बाई, आता कोर्टाच्या बाकावर बसूनच कायदा बघतो, तुमची कटकट वाचली. त्या म्हणाल्या, कटकट तुमची होती, माझी नव्हती. पण खोलीत येऊन त्यांनी साइट उघडली, आपल्या चिठ्ठ्यांचे शब्द तिथं स्वच्छ काळ्या अक्षरांत ओळीनं लागलेले बघितले, आणि त्यांना मनापासून बरं वाटलं. निवृत्तीला दोन महिने राहिले होते. काम चोख झालं, आता घरी जायला हरकत नाही, असं त्या नवऱ्याला म्हणाल्याही.

चौथ्या आठवड्यातल्या सोमवारी पंक्चरवाली आली.

पन्नाशी उलटलेली, अंगानं सडपातळ, अंगठ्यांच्या कडा काळ्या पडलेल्या. इस्पितळाच्या सायकल स्टँडशेजारी, फुटपाथच्या कोपऱ्यावर, ती बावीस वर्षं सायकलींची पंक्चरं काढत होती. आधी नवऱ्याबरोबर, तो गेल्यावर एकटी. बाईंसमोर उभी राहून तिनं पिशवीतून मोबाईल काढला, त्यावर साइटचं पान उघडलं आणि सगळ्यात खालची ओळ दाखवली. मजकुराबद्दल शंका असल्यास मूळ प्रत पाहता येईल, असं तिथं लिहिलेलं होतं. मला मूळ प्रत बघायचीय, ती म्हणाली.

एकतीस वर्षांत साहेब आले होते, वकील आले होते, पण पुस्तक बघायचंय म्हणून रस्त्यावरचं माणूस कधी तिसऱ्या मजल्यावर चढलं नव्हतं. बाईंनी तिला खुर्ची दिली आणि काय झालं ते विचारलं.

झालं असं होतं, की पालिकेनं तिला जागा खाली करायची नोटीस दिली होती. फुटपाथ व्यवसाय कायद्याच्या कलम एकोणीसप्रमाणे तिला त्यावर अपील करता येत होतं. कागद जमवून एकेचाळिसाव्या दिवशी ती खिडकीवर गेली तर तिथल्या कारकुनानं अर्ज परत केला. मुदत तीस दिवसांची, तुम्हाला उशीर झाला, म्हणाला. ती वकिलाकडे गेली. वकिलानं कायदे खात्यात फोन लावून खात्री केली आणि तोही तीसच म्हणाला. मग साइट सुरू झाली. तिच्या लेकीनं मोबाईलवर कलम उघडलं, तिथंही तीस. पण अकरा वर्षांपूर्वी फुटपाथवाल्यांनी मोर्चा काढला होता, सभागृहात कायदा बदलला होता, आणि त्या दिवशी वरच्या सज्जात बसून नवऱ्यानं तो बदल स्वतःच्या कानांनी ऐकला होता. घरी येऊन त्यानं सांगितलं होतं की आता नव्वद दिवस मिळतात, आता घाई नाही. नोटीस आली तेव्हा त्या नव्वदच्या भरवशावर तिनं कागद सावकाश जमवले होते. आज शहाऐंशीवा दिवस होता. शुक्रवारी नव्वद पुरे होत होते, आणि सोमवारी पालिकेचा ट्रक येणार होता.

सगळं ऐकून कात्रीबाईंनी अगदी समजुतीनं सांगितलं की मुदत तीसच आहे. ऐकताना तुमच्या यजमानांची गल्लत झाली असेल, सभागृहात गोंधळ असतो. तरी बघायचंय तर बघा. त्यांनी पुस्तक काढलं आणि कलम एकोणीस उघडून तिच्यापुढे ठेवलं. पोटकलम दोनवर अकरा वर्षांपूर्वीची चिठ्ठी होती: नोटीस लेखी असली पाहिजे. पोटकलम तीन उघडं, मूळ छपाईतलं: अपील तीस दिवसांत करावे. मोर्चामुळे काय बदललं ते हे, बाई म्हणाल्या, पोटकलम दोन. त्यांनी चिठ्ठी उचलून तिची पाठही दाखवली. पेन्सिलीनं क्रमांक, तारीख, सगळं जागच्या जागी.

पंक्चरवालीनं वाचलं. मग सायकलच्या ट्यूबवरून फिरवावा तसा तिनं त्या चिठ्ठीवरून अंगठा फिरवला. एकदा, परत एकदा. मग शेजारच्या कलमावरच्या दुसऱ्या चिठ्ठीवरून फिरवला, आणि पुन्हा पहिल्या चिठ्ठीवर आली.

“ही जाड लागतीय,” ती म्हणाली.

बाई म्हणाल्या, खळ जास्त झाली असेल.

“खळ नाही. सोल्यूशन ओलं असताना पॅचवर पॅच पडला ना, की अस्संच लागतं हाताला. इथं दोन आहेत.”

बाईंना खरं तर राग आला. एकतीस वर्षं चिठ्ठ्या चिकटवणाऱ्या बाईला चिकटवणं शिकवायला ही कोण? पण त्यांनी अंगठा लावून बघितला. शेजारच्या चिठ्ठीला लावून बघितला. मग चहाची किटली चालू केली, आणि वाफ धरली तशी पुस्तक आडवं करून ती चिठ्ठी वाफेवर धरली. घरची खळ होती, पाच मिनिटांत सुटली. कात्रीचं बोथट टोक त्यांनी कडेला घातलं. एकीच्या दोन चिठ्ठ्या झाल्या. दुसरीवर लिहिलं होतं: पोटकलम तीनमध्ये ‘तीस’च्या जागी ‘नव्वद’ वाचावे.

दोन्ही एकाच राजपत्रातल्या, एकाच मापाच्या. कापून टेबलावर एकीवर एक ठेवताना खालच्या चिठ्ठीवर खळ सांडली असणार, आणि वरची तिला घट्ट धरून बसली असणार. दोघींच्या पाठीवर तोच क्रमांक, तीच तारीख, त्यामुळे चिठ्ठी कितीही वेळा उचलून बघितली तरी पाठ बरोबरच दिसायची. अकरा वर्षं ती जोडगोळी पोटकलम दोनवर सुखानं नांदत होती. आणि पुस्तकात तीस म्हणून बाईंच्या तोंडी तीस, साइटवर तीस, पालिकेच्या खिडकीवर तीस.

कात्रीबाईंच्या पायाखालची जमीन सरकली. पंक्चरवालीच आधी सावरली आणि तिनं विचारलं, आता पुढं काय करायचं? त्या प्रश्नानं बाई भानावर आल्या. शुक्रवारपर्यंत मी करते, त्या म्हणाल्या. शब्द देऊन बसल्या आणि मग लक्षात आलं की आपल्या हातात तर काहीच नाही. साइटवरचा स्वल्पविरामसुद्धा साहेबांच्या सहीशिवाय हलत नव्हता.

संध्याकाळी घरी त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे विचारलं, पुस्तक चुकलं की तू चुकलीस? पुस्तक म्हणजे मीच, बाई म्हणाल्या आणि रडल्या. लग्नाच्या इतक्या वर्षांत त्यानं त्यांना चुकीवरून रडताना बघितलं नव्हतं, कारण चूक असं काही त्या कबूलच करत नसत. थोड्या वेळानं तो म्हणाला, “मग सांगून टाक सगळ्यांना. घरात कधी गप्प बसलीयस, म्हणून तिथं बसशील?”

मंगळवारी सकाळी त्या दोन्ही चिठ्ठ्या घेऊन साहेबांपुढे उभ्या राहिल्या. साहेब वाईट माणूस नव्हता, अडचणीत आलेला होता. महिन्यापूर्वीच मंत्र्यांच्या हस्ते साइटचं उद्घाटन झालेलं, वर्तमानपत्रांत फोटो आलेले. त्यांनी चिठ्ठ्या बघितल्या, कपाळाला हात लावला, आणि मग सुटकेचा मार्ग सापडल्यासारखे म्हणाले की यात अवघड काय आहे? आजच तीसचं नव्वद करून टाकू. कोणाला पत्ता लागणार नाही आणि त्या बाईचंही काम होईल.

कात्रीबाई म्हणाल्या, होणार नाही. नुसता आकडा बदलला तर खिडकीवरचा कारकून म्हणणार, कायदा या आठवड्यात बदलला, तुमची नोटीस आधीची, तुम्हाला जुनी तीसचीच मुदत. नव्वद हा आकडा अकरा वर्षांपूर्वीच कायद्यात आलाय, चुकीचं वाचत होतो ते आपण, असं कलमाखाली लिहिलं तरच तिचा अर्ज उभा राहील. साहेबांनी त्यांना बसायला सांगितलं, दार लोटलं आणि आवाज उतरवला. अकरा वर्षांत किती लोकांना असं परत पाठवलं असेल याचा विचार केलात का, त्यांनी विचारलं. सगळे दारात येऊन उभे राहतील. शिवाय चूक कशी झाली तेही लिहावं लागेल. दोन महिन्यांनी तुमचा निरोप समारंभ आहे, एकतीस वर्षांचं नाव मातीत जाईल. तुमच्याच भल्यासाठी सांगतो.

“साहेब, कलम सात कोणाच्या तांबड्या शाईतलं आहे, आठवतं ना?” बाई म्हणाल्या. “टायपिंगवाल्या पोरींना धरायला लावलेला सापळा होता तो. आता त्यात माझाच पाय अडकलाय, म्हणून काय तो उचलून ठेवायचा?”

साहेब म्हणाले, नुसत्या दोन चिठ्ठ्यांवर मी सही करणार नाही, मूळ राजपत्र आणा. दोन दिवस सहज निघून जातील असा त्यांचा होरा असावा. बाई तडक तळघरात उतरल्या. तिथं एकदा पाण्याची नळी फुटली होती, तेव्हापासून गठ्ठ्यांचा वर्षांशी संबंध सुटला होता. मंगळवार त्यात गेला, सगळा बुधवारही त्यांनी धूळ खात काढला. वय वर्षं सत्तावन्न, गुडघे बोलायला लागलेले, तरी हमालाला हात लावू दिला नाही. दुपारी टायपिस्ट बायकांपैकी एक खाली आली. हिलाच बाईंनी सगळ्यात जास्त छळलं होतं. आता ही तोंडसुख घेणार, अशी बाईंनी मनाची तयारी केली, पण तिनं निमूट पदर खोचला आणि दुसऱ्या टोकानं गठ्ठे सोडायला लागली. चारच्या सुमाराला राजपत्र सापडलं ते तिलाच. बाईंनी तिचे आभार मानले आणि दोनशे बारापैकी पन्नास तरी मी उगाच काढल्या होत्या, हेही सांगून टाकलं. मला माहीत होतं, ती म्हणाली.

गुरुवारी साहेबांनी राजपत्र उलटंसुलटं करून बघितलं. मग खाली लिहायच्या मजकुराचा बाईंचा कागद वाचला, आणि ‘कशी झाली’ हा भाग खोडायला पेन उचललं. बाई समोरून हलल्या नाहीत. खोडायचं असेल तर खोडा, पण मग कलम सात मोडल्याची तक्रार साइटवरच्या चौकटीत मी स्वतः नोंदवीन, माझ्या खऱ्या नावानिशी, त्या म्हणाल्या. त्यांचं खरं नाव काय ते साहेबांना चटकन आठवलं नाही, आणि त्यांना हसू आलं. हसल्यावर माणूस जरा मोकळा होतो. लोक आले तर तुम्हीच तोंड द्या, असं बजावून त्यांनी सही केली. शुक्रवारी बारा वाजता साइटवरचं पान बदललं.

दुपारी कात्रीबाई पालिकेच्या दारात पंक्चरवालीला भेटल्या. आपणही बरोबर येणार असं त्यांनी तिला आधीच कळवलं होतं. रांग लांब होती आणि खिडकी चारला बंद होणार होती. गळ्यात कात्री तशीच होती, काढायची राहिली होती. रांगेत उभ्या असताना त्यांनी तिला ती गोष्ट सांगितली, जी सोमवारी सांगायला जीभ रेटली नव्हती.

“तुमच्या वकिलानं खात्यात फोन केला होता ना, तो मीच घेतला होता. पुस्तक न उघडताच तीस म्हणून सांगितलं.”

रांग दोन पावलं सरकली. मग पंक्चरवाली म्हणाली की वकिलाकडून घरी गेल्यावर नवऱ्याच्या फोटोसमोर उभी राहून ती त्याला वाट्टेल ते बोलली होती. जन्मभर बढाया मारल्यास, ऐकलंस एक, सांगितलंस दुसरं, आणि मी तुझ्या शब्दावर बसून राहिले, असं. मग तिनं फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. तो अजून तसाच होता.

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागावी तर कोणत्या तोंडानं? मला माफ करा, एवढंच त्या कसंबसं म्हणाल्या. पंक्चरवालीनं मान हलवली. धड हो म्हणून नाही, धड नाही म्हणूनही नाही. नंबर येऊ द्या आधी, म्हणाली.

पावणेचारला नंबर आला. कारकुनानं तिला ओळखलं, आणि अर्ज हातात न घेताच तीस दिवसांचं पालुपद सुरू केलं. पंक्चरवालीनं बाईंकडे बघितलं. बाई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, तोंडपाठ सांगू नका, उघडून बघा. हे आपणच कोणाला तरी सांगतोय याची त्यांना गंमत वाटली आणि लाजही. नव्या कायद्यानं साइटवर असेल तेच मानायचं होतं, त्यामुळे कारकुनाला नाही म्हणता येईना. कुरकुरत त्यानं समोरच्या पडद्यावर कलम एकोणीस उघडलं. डोळे बारीक केले. मग चष्मा पुसला.

पुढे त्यानं अर्ज घेतला, शिक्काही बसला, आणि दोन महिन्यांनी सुनावणी होऊन कोपऱ्यावरची ती जागा राहिली, हे आत्ताच सांगून टाकलेलं बरं, उगाच तुमच्या जिवाला घोर नको. त्या नोंदीवरून एकोणतीस जणांनी खात्यात पत्रं पाठवली, त्या प्रत्येकाला कात्रीबाईंनी आपल्या हातानं उत्तर लिहिलं आणि प्रत्येक उत्तराआधी राजपत्र उघडलं. निरोप समारंभात साहेबांनी चुकीचा विषय काढला नाही, तो बाईंनीच काढला. पण हे सगळं नंतरचं. त्या वेळी खिडकीपाशी कोणाला यातलं काही माहीत नव्हतं.

कारकून पडद्यावरचं वाचायला लागला. मोठ्यानं वाचायची सवय नसल्यामुळे आधी पुटपुटला. अपील नव्वद दिवसांत करावे. त्याच्याखाली लहान अक्षरांत: हा मजकूर अकरा वर्षांपूर्वीच्या दुरुस्तीपासून लागू आहे. आजवर येथे व खात्याच्या मूळ प्रतीत ‘तीस’ असे चुकीने राहिले होते. दुरुस्तीची चिठ्ठी दुसऱ्या चिठ्ठीच्या मागे चिकटून राहिल्याने चूक झाली.

“कोण हा महाभाग?” तो हसत म्हणाला.

“मी,” कात्रीबाई म्हणाल्या.

त्यानं वर बघितलं, गळ्यातली कात्री बघितली, आणि त्याचं हसू जिरलं. त्यानं अर्जासाठी हात पुढे केला. पण पंक्चरवालीनं अर्ज दिला नाही. काळे अंगठे खिडकीच्या फळीवर टेकवून ती पुढे वाकली होती, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

“परत वाचा,” ती म्हणाली. “मोठ्यानं वाचा. अकरा वर्षांपूर्वीपासून, तिथून.”

कारकुनानं घड्याळाकडे बघितलं. त्यानं पुन्हा पहिल्या अक्षरापासून वाचलं, या वेळी सगळ्यांना ऐकू जाईल असं. ती मान हलवत ऐकत होती. वाचून झाल्यावर तिनं अर्ज आत सरकवला, पदरानं तोंड पुसलं आणि बाईंकडे वळली.

“मी जरा घाईनं घरी जाते आता,” ती म्हणाली. “फोटो सरळ करायचाय.”